सुई, कुंचला आणि रात्रीचा कागद
(लुईज बुर्ज्वा यांच्या रोजच्या कामाचा अभ्यास)

— द्वितीय वर्ष, बी. ए.

कलावंत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. विस्कटलेले केस, शून्यात लागलेली नजर, आणि मग केव्हातरी अचानक प्रेरणा येते व एका रात्रीत महान कलाकृती जन्माला येते! गेल्या वर्षापर्यंत माझीही अशीच समजूत होती. आमच्या ग्रंथालयात आधुनिक शिल्पकलेवरील एक जाडजूड पुस्तक हाती लागले आणि या समजुतीला तडा गेला. त्या पुस्तकात एका वृद्ध स्त्रीचे छायाचित्र होते आणि शेजारच्या पानावर कापडाचे एक मस्तक होते. ठिगळे जोडून, जाड टाके मुद्दाम दिसतील असे ठेवून शिवलेले. मला पहिल्यांदा आठवण झाली ती आमच्या घरातल्या वाकळेची. शिवलेली वस्तू शिल्प कशी असू शकेल, या प्रश्नातून प्रस्तुत लेख तयार झाला आहे.

लुईज बुर्ज्वा यांचा जन्म पॅरिस येथे 25 डिसेंबर 1911 रोजी झाला. त्यांच्या घरचा व्यवसाय जुन्या टॅपेस्ट्रींचा, म्हणजे भिंतीवर टांगण्याच्या विणलेल्या चित्रवस्त्रांचा. वडील अशी वस्त्रे मिळवून विकत आणि आई ती दुरुस्त करण्याचे काम पाही. पॅरिसजवळ आंतोनी या गावी ब्येव्र नदीच्या काठी त्यांचे घर होते. जुन्या टॅपेस्ट्रीचा खालचा भाग सर्वांत आधी झिजतो, त्यामुळे चित्रातल्या माणसांचे पाय नाहीसे झालेले असत. नवे विणण्यापूर्वी ते पाय कोणीतरी काढून द्यावे लागत. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास हे काम लहानग्या लुईजकडे आले. म्हणजे त्यांचे पहिले रेखाटन हौसेखातर झालेले नव्हते, ते कारखान्याच्या गरजेपोटी झालेले होते. रेषा आधी आणि सुई तिच्या मागोमाग, असा क्रम त्यांना घरातच शिकायला मिळाला.

याच घरात एक जखमही होती. मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी ठेवलेल्या शिक्षिकेशी वडिलांचे संबंध होते आणि आई ते जाणून गप्प राहत असे. 1932 साली आई वारली. लुईज तेव्हा गणिताकडे वळल्या होत्या, ते सोडून त्या कलेकडे आल्या. चित्रकार फेर्नां लेजे यांच्याकडे त्या शिकल्या. 1938 साली अमेरिकन कलेतिहासकार रॉबर्ट गोल्डवॉटर यांच्याशी विवाह करून त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या.

आता आपण त्यांच्या कामाच्या तीन अंगांकडे वळू.

पहिले अंग चित्रकलेचे. 1938 ते 1949 या काळात त्यांनी प्रामुख्याने रंगचित्रे केली. घरात तीन लहान मुलगे, परका देश, परकी भाषा. ‘फॅम मेझों’ म्हणजे ‘स्त्री-घर’ या नावाची त्यांची चित्रे 1946-47 च्या सुमाराची आहेत. त्यांत स्त्रीचे शरीर आहे, परंतु मस्तकाच्या जागी घर आहे. घर तिला झाकते आहे की गिळते आहे, हे सांगता येत नाही. त्याच दशकात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्या लाकडाच्या उंच, सडपातळ आकृत्या घडवू लागल्या. वेगळी कार्यशाळा नव्हती म्हणून काम थांबले नाही, गच्चीच कार्यशाळा झाली! पुढे तैलरंग सुटले, पण कुंचला कायमचा सुटला नाही. अगदी शेवटच्या वर्षांत ओल्या कागदावर तांबडा रंग सोडून त्यांनी गर्भवती स्त्रिया आणि दूध पिणारी मुले रंगविली. ओल्या कागदावर रंग आपल्या मर्जीने पसरतो, तो पूर्णपणे हाताच्या ताब्यात राहत नाही. नव्वदी ओलांडलेल्या बाईने असे माध्यम निवडावे, हे मला विशेष वाटते.

दुसरे अंग रेखाटनाचे, आणि तेच त्यांच्या दैनंदिन साधनेचा कणा होते असे म्हटल्यास वावगे ठरू नये. लहान वयापासून त्या रोजनिशी लिहीत. लिहिलेली, बोलून ध्वनिमुद्रित केलेली आणि रेखाटलेली अशा तीन प्रकारच्या रोजनिशा आपण ठेवतो असे त्या सांगत आणि त्यांत रेखाटनाला सर्वांत अधिक महत्त्व देत. त्यांना निद्रानाशाचा विकार होता. नोव्हेंबर 1994 ते जून 1995 या काळात झोप न लागलेल्या रात्री त्यांनी 220 रेखाटने केली. साधी शाई, बॉलपेन, पेन्सिल, हाताला लागेल तो कागद, क्वचित संगीताच्या स्वरलिपीसाठी आखलेला कागदही. काही कागदांवर फ्रेंच व इंग्रजी शब्द आहेत. वर्तुळे, लाटा, नदी, पुन्हा वर्तुळे. ही रेखाटने प्रदर्शनासाठी काढलेली वाटत नाहीत, रात्र पार पाडण्यासाठी काढलेली वाटतात. आठ महिन्यांत 220 हा आकडा एकदम मोठा वाटतो, पण हिशेब केला तर तो दिवसाला साधारण एक एवढाच येतो. रोज एक! साधनेचे रहस्य, मला वाटते, या साध्या भागाकारात आहे.

तिसरे अंग शिवणकामाचे. 1980 साली त्यांना ब्रुकलिनमध्ये मोठी कार्यशाळा मिळाली. ती जागा पूर्वी कपड्यांचा कारखाना होती, हा एक योगायोगच म्हणायचा. 1982 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले, तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. खरी कीर्ती त्यानंतर आली. आणि एवढी कीर्ती आल्यावर, 1990 नंतरच्या दशकाच्या मध्यास, त्यांनी घरातल्या कपाटांतून जुने कपडे बाहेर काढले. स्वतःचे, आईचे, घरात वर्षानुवर्षे साठलेले. त्यांतून शिवलेली मस्तके आणि शरीरे तयार झाली. 2002 साली त्यांनी ‘ओद आ लुब्ली’, म्हणजे ‘विस्मृतीचे स्तोत्र’, हे कापडी पुस्तक केले. त्याची पाने लग्नात आलेल्या, नावाची अक्षरे भरलेल्या हातपुसण्यांची आहेत. ती काज-बटणांनी एकत्र बांधलेली आहेत, म्हणजे बटणे काढली की पुस्तक सुटे होते. 1999 साली केलेल्या त्यांच्या सुमारे 9 मीटर उंचीच्या प्रसिद्ध कोळिणीचे नाव ‘मामाँ’, म्हणजे आई. जाळे तुटले तर न रागावता पुन्हा विणणारी, ती त्यांची टॅपेस्ट्री दुरुस्त करणारी आई.

या तीन अंगांचे नाते कसे समजावे? माझ्या मते तिन्ही कामांचे स्वभाव निरनिराळे आहेत. रेखाटन म्हणजे मनातली भीती कागदावर उतरवून मोकळे होणे. त्याला मिनिटे लागतात. रंग म्हणजे स्वतःला थोडे निसटू देणे. आणि शिवणे म्हणजे जे फाटले आहे ते पुन्हा जोडणे. त्याला दिवस लागतात आणि त्यात घाई चालत नाही. स्वतः बुर्ज्वा यांनी सुईकडे दुरुस्तीचे आणि क्षमेचे साधन म्हणून पाहिले. रात्रीची भीती कागदावर आणि दिवसाची दुरुस्ती कापडावर, अशी जणू कामाची वाटणी होती. त्यांचा 31 मे 2010 रोजी, वयाच्या 98 व्या वर्षी मृत्यू झाला, तोपर्यंत हे काम थांबले नव्हते.

येथे मला एक वैयक्तिक गोष्ट सांगावीशी वाटते. माझी आई पायमशीनवर ब्लाउज शिवते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि माझी फी त्या मशीनमधूनच येते. तरीही प्रवेश अर्जावर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘गृहिणी’ असे लिहिले. शिवणकाम लिहायची मला लाज वाटली. कापडी मस्तकाचे चित्र आईला दाखवले तेव्हा तिने कलेविषयी काही विचारले नाही. तिने टाके निरखले आणि म्हणाली, “टाके दिसतील असेच ठेवलेत बाईने. लपवायचे असते तर लपवता आले असते, हात सराईत आहे.” जे समजायला मला पुस्तकाचे एक प्रकरण लागले, ते तिने एका नजरेत ओळखले होते.

परंतु यावरून ‘माझी आईही बुर्ज्वाच’ असा सोपा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. बुर्ज्वा यांच्यापाशी स्वतःचे घर होते, कार्यशाळा होती, सहायक होते, शिवणाचे काम करणारी मदतनीसही होती. कोणते कापड फाडायचे आणि कोणते जोडायचे हे त्या स्वतः ठरवीत. आईचे कापड गिऱ्हाईकाचे, माप गिऱ्हाईकाचे आणि मुदतही गिऱ्हाईकाचीच. दोघींच्या हातांत सराव सारखा असेल, पण निवड सारखी नाही. कला आणि मजुरी यांतला फरक कौशल्यात नसून या निवडीच्या मोकळिकीत असावा, असे मला अभ्यासाअंती वाटू लागले आहे. म्हणूनच आई उरलेल्या चिंध्या साठवून पावसाळ्यात जी वाकळ शिवते, तिच्याकडे मी आता वेगळ्या दृष्टीने पाहते. तिथे कोणता तुकडा कुठे लावायचा हे तीच ठरवते. कडेपासून आत आत जाणारा तिचा धावदोरा कोणी मापून देत नाही.

आपण विद्यार्थी परीक्षा जवळ आली की रात्री जागतो आणि वर्षभर प्रेरणेची वाट पाहतो. बुर्ज्वा यांचे चरित्र आपल्याला एवढेच सांगते की जागा नसेल तर गच्ची घ्या, झोप नसेल तर कागद घ्या, नवे कापड नसेल तर जुने घ्या, पण रोज बसा. गेले चार महिने मी झोपण्यापूर्वी वहीच्या एका पानावर एक रेखाटन करते आहे. बहुतेक वाईट आहेत. त्यांत मशीनच्या पायट्यावरचे आईचे पाय पुष्कळ वेळा आले आहेत. ते अजून नीट जमत नाहीत.

तृतीय वर्षाचा प्रवेश अर्ज जूनमध्ये भरायचा आहे. त्या रकान्यात या वेळी काय लिहायचे, हे मात्र माझे ठरले आहे.