स्पीकरची लाकडी पेटी : सुतार आणि रेडिओवाला यांच्यामधला रिकामा धंदा

सुतारकाम जाणणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. रेडिओ, टीव्ही, अँप्लिफायर दुरुस्त करणारेही कमी नाहीत. परंतु स्पीकरची लाकडी पेटी, जिला बाजारात कॅबिनेट किंवा नुसते 'बॉक्स' म्हणतात, ती मोजून-मापून बनविणारे फार थोडे. सुताराला वाटते हे विजेचे काम आहे. रेडिओवाल्याला वाटते हे लाकडाचे काम आहे. या दोघांच्या मधली जागा रिकामी राहिली आहे आणि तिच्यात एखाद्या होतकरू तरुणाची रोजी निघू शकते, असे आमचे मत आहे. भांडवल थोडे लागते, जागा खाटेएवढी पुरते. मात्र पेटीमागचे शास्त्र समजून न घेता केवळ चार फळ्या ठोकल्या, तर चांगला स्पीकरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

पेटी लागते कशासाठी? स्पीकरचा कागदी पडदा (कोन) पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकच स्पीकर पुढून एक आवाज देतो आणि मागून त्याच्या बरोबर उलटा. स्पीकर उघडा ठेवला तर खालच्या पट्टीचे, जाड आवाज कडेवरून वळून एकमेकांना खाऊन टाकतात व फक्त बारीक किरकिर शिल्लक राहते. हे कोणालाही करून पाहता येईल. उघडा स्पीकर चालू ठेवून तो एका मोठ्या पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकावर घट्ट धरावा, आवाज एकदम भरतो. पेटीचे पहिले काम हेच, मागचा आवाज पुढच्याला भेटू न देणे.

आजच्या पद्धतीचा, गुंडाळी व चुंबकाचा स्पीकर अमेरिकेत राईस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली जगापुढे मांडला. त्यानंतर बरीच वर्षे जाड आवाज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी करावी लागे. १९५४ साली एडगर विल्चर यांनी लहानशी, पूर्ण बंद पेटी करून दाखविली. तिच्यात कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करते आणि पडद्याला जागेवर परत आणते. भोक किंवा नळी ठेवलेली पेटी याहून जुनी आहे, आणि तिचे गणित ऑस्ट्रेलियातील थील यांनी १९६१ मध्ये व पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात नीट बसवून दिले. नळीवाल्या पेटीत जाड आवाज जास्त निघतो हे खरे. पण नळीची लांबी चुकली की प्रत्येक आवाजामागे 'बुम् बुम्' लागते. नवशिक्याने पहिल्या चार-सहा जोड्या बंद पेटीच्याच कराव्यात. ती चुका पोटात घालते.

येथे मिरजेची आठवण होणे साहजिक आहे. मिरजेत शिकलगार घराण्यांतील मुस्लिम कारागीर एकोणिसाव्या शतकापासून सतार व तंबोरे बनवीत आले, फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ही परंपरा सांगितली जाते. शस्त्रांना धार लावणारे हात वाद्यांकडे वळले आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिराची सारी विद्या भोपळा व लाकूड तारेबरोबर बोलू लागावे यासाठी असते. स्पीकरच्या पेटीत नेमके उलट हवे. येथे लाकडाने मुके राहावयाचे आहे. पेटी स्वतः गाऊ लागली की वक्त्याचा आवाज बदलतो, कारीची तिलावत घोगरी होते. फळी पारखताना बोटाच्या पेराने ठोकून पाहावी. 'ढब्ब' असा लांबणारा नाद आला तर ती वाद्याला द्यावी, 'टक्' असा तुटक आला तर पेटीला घ्यावी.

लाकूड आणि मापे

उदाहरणासाठी आम्ही गिरगावातील खोताची वाडी घेतो. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरे आहेत. लाकडी जिने, लाकडी व्हरांडे, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरातले बोलणे ऐकू यावे. स्पीकरच्या दृष्टीने याहून अवघड परीक्षा नाही. लाकडी तक्तपोशीवर ठेवलेली पेटी जमिनीलाही वाजवते आणि शेजाऱ्यालाही. अशा घरात चालेल ती पेटी भेंडी बाजारच्या किंवा लालबागच्या चाळीतही चालेल. शिवाय स्पीकर, तारा, कपॅसिटर यांचा बाजार, म्हणजे लॅमिंग्टन रोड, वाडीपासून पायी जाण्याइतका जवळ आहे.

गिरगावात जुनी घरे पडली की सागाचे वासे व फळ्या विकावयास निघतात आणि असे लाकूड पाहून कारागिराचा हात शिवशिवतो. पण अख्ख्या सागाची पेटी करू नये. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते, उन्हाळ्यात आकसते, सांधे उघडतात आणि बंद पेटी बंद राहत नाही. पेटीला १८ मिलीचा चांगला प्लाय किंवा एमडीएफ घ्यावा. एमडीएफ अधिक मुका असतो, पण मुंबईच्या दमट हवेत त्याच्या कडा पाणी पितात, त्या फेविकॉल पातळ करून लावून बंद कराव्या लागतात. आमची पसंती प्लायला आहे. जुना साग समोरच्या पट्टीला, शोभेला वापरावा.

साडेसहा इंची वूफर आणि एक छोटा ट्वीटर यांच्यासाठी सुमारे १५ लिटरची पेटी सुरुवातीला योग्य. आतील मापे रुंदी २० सेंमी, खोली २३ सेंमी, उंची ३३ सेंमी. गुणाकार केला तर १५,१८० घन सेंमी, म्हणजे १५ लिटरच्या किंचित वर. कोणी विचारील, तिन्ही बाजू २५ सेंमी ठेवल्या तरी तेवढेच लिटर होतात आणि फळ्या कापणे सोपे, मग तसे का नको? समोरासमोरच्या दोन भिंतींत एक ठराविक सूर अडकून घुमतो. २५ सेंमीला तो सुमारे ६९० हर्ट्झ येतो आणि तिन्ही बाजू सारख्या असतील तर तिन्हीकडून तोच सूर घुमतो. मापे वेगळी ठेवली की तो ५२०, ७५० आणि ८६० अशा तीन ठिकाणी विखुरतो व कानाला टोचत नाही.

एका पेटीला सहा तुकडे लागतात. बाजूच्या दोन फळ्या २३ × ३६.६ सेंमी. वरची व खालची २३ × २०, या दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये बसतात. पुढची व मागची २३.६ × ३६.६, या वरून बसतात. आठ बाय चारच्या एका शीटमधून कागदावर तीन जोड्या निघतात. करवतीची वाट आणि टाकाऊ कडा धरून दोन जोड्यांचाच हिशेब ठेवावा, म्हणजे ग्राहकाला भाव सांगताना घोटाळा होत नाही. कापाई लाकडाच्या दुकानातच मोठ्या मशीनवर करून घ्यावी. घरच्या करवतीने काटकोन साधत नाही आणि लहान खोलीत भुसा उडवणे चांगले नाही. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थेने १९९५ मध्येच नोंदविले आहे. घासकाम करताना तोंडाला मास्क बांधावा आणि मुलांना बाहेर पाठवावे.

जोडताना प्रत्येक सांध्याला भरपूर फेविकॉल, गुण्याने काटकोन तपासणे, मग स्क्रू. खिळे पुढे ढिले होतात. क्लॅम्प नसतील तर सुतळीचा पीळ घालून रात्रभर आवळून ठेवले तरी काम होते. सुकल्यावर आतून सर्व सांध्यांवर पुन्हा फेविकॉलचा हात फिरवावा. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना जोडणारी एक आडवी पट्टी आत लावावी, पण बरोबर मध्यावर नको, थोडी वर किंवा खाली. या एका पट्टीने पेटीचा 'ढब्ब' पुष्कळसा जातो आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. आश्चर्य असे की बाजारातील बऱ्याच तयार पेट्यांत एवढीही पट्टी नसते.

स्पीकरचे भोक कापण्यापूर्वी स्पीकर हातात असावा. साडेसहा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या स्पीकरचे भोक सारखे नसते. स्पीकरच्या कडेखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवली तर हवा गळत नाही. सिलिकॉन वापरायचे तर ते पूर्ण वाळू द्यावे व मगच स्पीकर बसवावा, कारण त्याची आंबट वाफ स्पीकरच्या धातूला बरी नाही. आत भरण्यासाठी पूर्वी पिंजाऱ्याकडून पिंजलेला कापूस आणीत. कापूस आवाज उत्तम शोषतो, पण मुंबईत ओल धरतो आणि कीड येते. उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस घ्यावा, मोकळा भरावा, कोंबू नये. त्याने पेटी आतून थोडी मोठी असल्यासारखी वागते.

जोडणीत दोनच गोष्टी महत्त्वाच्या. ट्वीटरला जाड आवाज जाऊ नये म्हणून त्याच्या तारेत ४.७ एमएफडीचा नॉन-पोलर कपॅसिटर घालावा. ८ ओहमच्या ट्वीटरला तो साधारण ४,२०० हर्ट्झच्या खालचे आवाज हळूहळू अडवतो. दुसरी गोष्ट, दोन्ही पेट्यांच्या तारा सुलट असाव्यात. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वूफरच्या तारांना क्षणभर लावून पाहावा. पडदा बाहेर आला तर सेलचे अधिक टोक जिथे लावले ते अधिक. एक पेटी सुलट व दुसरी उलट जोडली की जाड आवाज नाहीसा होतो आणि ग्राहक पेटीला नावे ठेवतो.

शेवटी गळतीची परीक्षा. वूफरचा पडदा बोटांनी समान दाब देऊन हलकेच आत ढकलावा व सोडावा. सावकाश परत आला तर पेटी बंद आहे. झटकन आला तर कोठे तरी फट आहे, ती शोधल्याशिवाय माल बाहेर देऊ नये. लाकडी जमिनीच्या घरात पेटीखाली जाड रबराचे चार तुकडे ठेवून द्यावेत आणि ते किमतीतच धरावेत.

वॅटचे खोटे आकडे

१९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजारो वॅट 'पीएमपीओ' असे चमकदार स्टिकर लावण्याची लाट आली होती. पीएमपीओ मोजण्याचे कोणतेही सर्वमान्य माप नाही, विकणारा वाटेल तो आकडा छापू शकतो. ही खोड अजून गेलेली नाही. ग्राहकाने फक्त अडॅप्टर उलटा करून पाहावा. १२ व्होल्ट, २ अँपियर लिहिले असेल तर १२ गुणिले २ म्हणजे २४ वॅट. त्यातून हजार वॅट कोठून येणार? मापात मारणाऱ्यांविषयी दिव्य कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. वॅट हेदेखील मापच आहे. तराजूत दांडी मारणे आणि पेटीवर खोटा आकडा चिकटवणे यांत आम्हाला फरक दिसत नाही.

धंद्याच्या हिशेबानेही खोटा आकडा निरुपयोगी आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीला खरे पाच-दहा वॅट पुरून उरतात. पेटीवर आतील लिटर, स्पीकरचे ओहम आणि खरे वॅट लिहून द्यावेत. गिऱ्हाईक प्रथम हसेल, पण शेजारच्या पेटीशी लावून ऐकेल.

मशिदीच्या आतले काम

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही असे म्हटले व पोलिसांना कारवाईचे निर्देश दिले. यावर मते काहीही असोत, कारागिरासाठी त्यात काम दडलेले आहे. बाहेरच्या भोंग्याची जागा आता आतील स्पष्ट आवाजाने घ्यावयाची आहे. फरशी, संगमरवर आणि घुमट असलेल्या जागेत एकच मोठा स्पीकर लावला की खुतब्याचा एक शब्द दुसऱ्यावर चढतो. त्याऐवजी नमाजींच्या जवळ, भिंतीवर, मंद आवाजाच्या अनेक छोट्या पेट्या हव्यात.

यासाठी उभी कॉलम पेटी करावी. चार इंची चार स्पीकर एकाखाली एक, उभ्या ओळीत. अशा ओळीचा आवाज रुंदीत पसरतो, पण वर घुमटाकडे कमी जातो. आडवी टांगली तर हा गुण उलटा होतो, तरीही अनेक ठिकाणी ती आडवीच टांगलेली दिसते. ८ ओहमचे दोन-दोन स्पीकर एकामागे एक जोडून अशा दोन जोड्या समांतर केल्या की एकूण पुन्हा ८ ओहमच येतात आणि अँप्लिफायरवर ताण पडत नाही. तारा लांब असतील तर प्रत्येक पेटीत १०० व्होल्ट लाइनचा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागेल, तो लॅमिंग्टन रोडवर मिळतो. पहिली कॉलम पेटी तयार झाली की मोहल्ल्याच्या मशिदीच्या ट्रस्टींकडे घेऊन जावी, जुम्याच्या आधी बसवून द्यावी, आणि पैसे शेवटच्या सफेत बसलेल्या वृद्धांना खुतबा नीट ऐकू आला की नाही हे विचारून मगच घ्यावेत.