पंचाहत्तर वर्षांच्या करारावर सही करण्याआधी

वाशी, नवी मुंबई

चि. सौ. छकुली हिस,


नाळेच्या रक्ताच्या बँकेचे तू पाठवलेले कागद नीट वाचले. दिवस भरत आले आहेत, बँकेचा माणूस रोज फोन करतो आहे आणि जावईबापूंना वाटतं, बाळासाठी एवढं तरी करावं. त्यांची माया मला कळते. तरी माझं मत आधीच सांगून टाकतो: सही करू नकोस.

वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगतो. नाळेतल्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, यात खोटं काही नाही. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या मुलाला नाळेचं रक्त दिलं आणि तो बरा झाला. पण ते रक्त त्याच्या नवजात बहिणीचं होतं, त्याचं स्वतःचं नव्हतं. जनुकांतून आलेला आजार त्या मुलाच्या स्वतःच्या नाळेच्या रक्तातही असतोच. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला त्याचंच जपलेलं रक्त देऊन काय साधणार? आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीही सांगितलं आहे की पुढे स्वतःला उपयोगी पडेल म्हणून हे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. कागदांतल्या पत्रकात मात्र आजारांची लांबलचक यादी आहे आणि ही ओळ कुठेच नाही.

आता माझ्या प्रांतातलं. सार्वजनिक न्यासांचे आणि पतसंस्थांचे हिशेब तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मी कागद मागच्या पानापासून वाचतो. तुझ्या करारात मागच्या पानावर, बारीक अक्षरात, दोन कलमं आहेत. कंपनी हा करार परस्पर दुसऱ्या संस्थेकडे सोपवू शकते. आणि नमुना खराब झाला तर तिची जबाबदारी तू भरलेल्या शुल्कापुरतीच. पहिल्या पानावर मात्र ठळक अक्षरात पंचाहत्तर वर्षांची हमी आहे. बाळ पंचाहत्तरीचं होईल तेव्हा ही हमी पाळायला कोण असेल, हा माझा प्रश्न आहे.

गोठवण्याच्या तंत्राबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या रबाळ्यातच रिलायन्स लाइफ सायन्सेसने असं कोठार उभारलं. २७ वर्षं गोठवलेल्या पेशी कामाच्या निघाल्याचं संशोधन झालं आहे. पंचाहत्तर वर्षांचा दाखला अजून कुणाकडेच नाही, आणि आपल्याकडे तर हा धंदाच या शतकातला. नमुने ज्याच्या जोरावर गोठलेले राहतात, तो द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. तो सतत उडून जातो, म्हणून टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. टँकरवाल्याचं बिल, नोंदवही ठेवणारा माणूस, रात्री वाजणारा भोंगा आणि तो ऐकून धावणारा कुणीतरी, हे सगळं एकही रात्र न चुकता पाऊण शतक चालायला हवं. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका मोठ्या रुग्णालयात टाकीचं तापमान चढलं. दूरवर इशारा देणारा भोंगा बंद करून ठेवला होता. चार हजारांवर बीजांडं आणि भ्रूण गेले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाने कॉर्डलाइफ या बँकेच्या २२ पैकी ७ टाक्यांचं तापमान बिघडल्याचं जाहीर केलं. एकट्या एका टाकीत सुमारे २,२०० कुटुंबांचे नमुने होते. सिंगापूरसारख्या काटेकोर देशातली ही गोष्ट.

टाकी शाबूत राहून मालक बुडाला तर? युरोपातली क्रायो-सेव्ह २०१९ मध्ये कोलमडली. दोन लाखांहून जास्त नमुने पोलंडमधल्या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि आपल्या मुलाचं रक्त नेमकं कुठे आहे, हे विचारत आईबाप महिनोन्महिने पत्रं लिहीत राहिले.

याहून जुनी गोष्ट माणसं गोठवणाऱ्यांची. १९६७ पासून अमेरिकेत काही लोक मृतदेह गोठवून ठेवू लागले, पुढचं विज्ञान त्यांना उठवेल या आशेवर. ती आशा मला पटत नाही, पण त्यांचा हिशेब अभ्यासण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थच्या तळघरात ठेवलेल्या देहांचा खर्च नातेवाईक वरचेवर पाठवत होते. पैसे येणं थांबलं, नायट्रोजन संपला आणि नऊ देह कुजले. त्यातून धडा घेऊन अल्कोरसारख्या संस्थांनी पैसे एकरकमी, बहुधा विम्यातून, घ्यायला सुरुवात केली आणि देह सांभाळण्याचा निधी वेगळ्या विश्वस्तांच्या ताब्यात दिला. त्या निधीला रोजच्या खर्चासाठी हात लावता येत नाही. संस्था किती दिवस जगेल हे त्या एका व्यवस्थेवर ठरतं.

तुझ्या कागदांत असा निधी शोधला. सापडला नाही. आज घेतलेले पैसे कंपनीच्या चालू खर्चात जात असतील, तर रक्ताच्या जुन्या पिशव्यांचा नायट्रोजन नव्या गिऱ्हाइकांच्या पैशावर भरला जाणार. नवी गिऱ्हाइकं येणं थांबलं की ते बंद. आणि संस्थाच बुडाली की काय होतं, हे पनवेलकरांना कर्नाळा बँकेने शिकवलं आहे. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. तिथे निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण होतं. गोठवलेल्या पिशवीला असा विमा नाही, आणि नुकसानभरपाईचा चेक आला तरी तेच रक्त पुन्हा मिळत नाही.

संस्था टिकतच नाहीत असं मी म्हणत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. पण अशा सार्वजनिक न्यासाला जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हिशेब दरवर्षी दाखल करावे लागतात आणि सभासद सभेत उभं राहून जाब विचारतात. तुझ्या करारात तू सभासद नाहीस, नुसती गिऱ्हाईक आहेस.

एक अपवाद मनापासून मानतो. घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर धाकट्याचं नाळेचं रक्त त्याच्यासाठी जपायला मीच सांगितलं असतं, आणि तुझ्या खारघरातच टाटांच्या ॲक्ट्रेकमध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण करणारे डॉक्टर आहेत, त्यांना विचारायला पाठवलं असतं. तुमच्याकडे तसं काही नाही, याबद्दल देवाचे आभार मान.

जावईबापू तरीही अडून बसले, तर बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागव: साठवणुकीचा निधी वेगळा आहे का आणि तो कुणाच्या ताब्यात आहे, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद, आणि कंपनी बंद पडल्यास पिशव्या कोण घेणार त्याचा सही झालेला करार. फोनवरची उत्तरं धरू नकोस.

आणि पुढच्या तपासणीला गेलीस की डॉक्टरांना हे विचार: बाळ जन्मल्यावर नाळ कापायला निदान एक मिनिट थांबाल का? जागतिक आरोग्य संघटनेची तशीच शिफारस आहे. त्या मिनिटात नाळेतलं बरंचसं रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पुढचे काही महिने त्याला लोह कमी पडण्याचा धोका घटतो. ते रक्त त्याचं आहे, त्यालाच मिळू दे.

सोमवारच्या आत त्या माणसाला नाही कळव.

तुझा,
मामा