नादाचा आणि प्रकाशाचा शिल्पकार

दुसऱ्या महायुद्धात ग्रीस देशाची राजधानी अथेन्स ही जर्मन सैन्याच्या ताब्यात होती. त्या शहरात इयानिस झेनाकिस हा तरुण अभियांत्रिकी शिकत होता. हजारो नागरिक घोषणा देत रस्त्यावर उतरत. मग गोळीबार होई, घोषणांची लय मोडे आणि शेवटी भयाण शांतता पसरे. तो नाद त्याच्या मनावर कायमचा कोरला गेला. पुढे शहरातील एका लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्याने त्याचा डावा डोळा गेला. १९४७ साली मायभूमी सोडून त्याने पॅरिसचा आश्रय घेतला.

तरीही तो खचला नाही. गारांचा मारा, उन्हाळ्यातील रानकिड्यांची किरकिर, जमावाचा घोष, या साऱ्यांत त्याला एकच तत्त्व आढळले. सुटा आवाज क्षुद्र असतो, पण असंख्य आवाज मिळून एक विराट नाद घडतो. हेच तत्त्व त्याने प्रकाशालाही लावले. १९७२ साली पॅरिसमधील क्लूनी येथील प्राचीन रोमन स्नानगृहात त्याने शेकडो दिवे लावले. काळोखात ते क्षणोक्षणी चमकत, लेसरचे किरण आरशांवरून परावर्तित होत आणि चहूबाजूंनी नाद उठे. प्रेक्षक त्यात बुडून जात.

युद्धाने त्याचा एक डोळा हिरावला. त्याने मात्र हजारो डोळ्यांना प्रकाशाचे नवे रूप दाखविले.