फाईलींची देवघेव आणि जोडणी देणाऱ्याची नजर

आपण इंटरनेटवरून काय देतों-घेतों हें जोडणी देणाऱ्या कंपनीस दिसतें काय, असा प्रश्न मधल्या सुट्टींत पुष्कळदां निघतो. वाद होतो आणि घंटा वाजते. म्हणून आम्ही तो येथें थोडा निवांतपणें घेत आहों.

गिरगांवांतील चाळींत टपालवाला पत्रें वांटतो, तेव्हां कोणास कोठून पत्र आलें हें त्यास पाकिटावरूनच कळतें. आंतील मजकूर कळत नाहीं. कंपनीची स्थिति बहुतांशीं अशीच आहे. आपल्या घरांतून निघालेलें प्रत्येक पुडकें तिच्याच यंत्रांतून जातें. तें कोणत्या पत्त्यावर गेलें, केव्हां गेलें, केवढें होतें, इतकें तिला दिसतें. मजकूर सांकेतिक लिपींत असेल, तर तिला वाचतां येत नाहीं. नसेल, तर तो उघड्या पोस्टकार्डासारखाच.

मग फाईलींची देवघेव करणारा ओळखूं येतो काय? येतो, असें आमचें मत आहे. टॉरेंटच्या पद्धतींत चित्रपट एका ठिकाणाहून येत नाहीं. त्याचे शेंकडों तुकडे अनेकांच्या घरांतून येतात, आणि आपणांस मिळालेला तुकडा आपलें यंत्र लागलीच दुसऱ्यांस देऊं लागतें. अनेक अनोळखी घरांशीं असा दुतर्फा व्यवहार चालला कीं, त्याची घडणच निराळी दिसते; मजकूर न वाचतांही ती ओळखतां येते. शिवाय, सामील झालेल्या प्रत्येकास इतरांचे पत्ते दिसत असतात. चित्रपटाचा मालकही तेथें आपला माणूस बसवूं शकतो. त्यास दिसतो तो केवळ आंकडी पत्ता. त्यामागील घर कोणाचें हें सांगणारी वही कंपनीजवळ असते. ही नोंद निदान दोन वर्षें जपावी, अशी अट सरकारनें २०२१ च्या डिसेंबरांत परवान्यांत घातली.

कंपनीनें लहरीनें कोणाचा मजकूर वाचावा, अशी मात्र मोकळीक नाहीं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६९ वें कलम व २००९ चे नियम यांप्रमाणें त्यास सामान्यतः केंद्राच्या वा राज्याच्या गृहसचिवाचा हुकूम लागतो. कांहीं जण व्हीपीएनच्या आडवाटेनें जातात. तेव्हां आपली कंपनी आंधळी होते खरी, पण सारें पाहणारा दुसरा वाटाड्या मध्यें येतो!

२०१६ सालीं ‘ढिशूम’ चित्रपटाच्या वेळचें मुंबई उच्च न्यायालयांतील प्रकरण येथें सांगण्याजोगें आहे. न्यायालयाच्या हुकुमावरून कंपन्यांनीं कांहीं पानें बंद केलीं. तेथें जाणाऱ्यास सूचना दिसे कीं, असें चित्र पाहणें वा उतरवून घेणें हा गुन्हा असून तीन वर्षें कैद व तीन लाखांपर्यंत दंड होऊं शकेल. पुष्कळ लोक घाबरले. आपण कोणतें दार ठोठावलें हें कंपनीस कळतें, याचा तो पुरावाच होता. पुढें न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं खुलासा केला कीं, नुसतें पाहणें हा गुन्हा नव्हे. परवानगीवांचून वांटणें, जाहीर दाखविणें, विकण्यास वा भाड्यानें देणें हा गुन्हा. पाहणारा सुटला, असें यावरून कोणी समजेल. परंतु टॉरेंटमध्यें घेणारा तोच देणारा होतो, हें वर आलेंच आहे.

लालबाग-परळच्या चाळींत एक जोडणी दोन बिऱ्हाडांनीं वापरावी, ही शेजारधर्माची रीत. जोडणी मात्र एकाच्याच नांवें असते, बहुधा घरांतील वडीलधाऱ्यांच्या. पलीकडच्या खोलींतील मुलानें रात्रभर चित्रपट उतरविला, तरी वहींत नांव चढतें तें त्यांचें.