बॉइन नदीचे खोरे आणि सूर्याची खिडकी

युरोप खंडात आयर्लंड नावाचे एक बेट आहे. तिथे बॉइन नावाची नदी आहे. तिची लांबी सुमारे ११२ किलोमीटर आहे. म्हणजे नदी काही फार मोठी नाही. पण तिच्या खोऱ्यात इतक्या जुन्या जागा आहेत, की दूरदूरची माणसं त्या बघायला येतात. गुरुजींनी आम्हांला ही नदी नकाशात दाखवली. चला, आपणही नकाशावर बोट ठेवून नदीबरोबर जाऊ.

तिथली एक जुनी गोष्ट आहे. बोअन नावाच्या देवीला एका विहिरीजवळ जायची मनाई होती. तरी ती गेली. मग विहिरीचे पाणी उसळले आणि तिच्यामागे धावत समुद्रापर्यंत गेले. तीच ही नदी. तिचे नाव देवीवरून पडले.

आधी ट्रिम गाव लागते. तिथे नदीकाठी मोठा दगडी किल्ला आहे. तो बाराव्या शतकात बांधायला सुरुवात झाली. पुढे नॅव्हन गावाच्या दक्षिणेला तारा नावाची टेकडी आहे. आयर्लंडच्या राजांची ही मानाची जागा. तिथे एक दगड उभा आहे. खऱ्या राजाने पाय ठेवला की तो दगड ओरडायचा, असे जुने लोक सांगत. नंतर स्लेन गाव येते. शेवटी ड्रॉहेडा शहर लागते आणि नदी समुद्राला मिळते. ड्रॉहेडाच्या अलीकडे १६९० साली मोठी लढाई झाली. राजा विल्यम आणि त्याचे सासरे राजा जेम्स एकमेकांशी लढले. जावई जिंकला. त्या वर्षी आपले राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते.

पण सर्वांत नवलाची जागा स्लेन आणि ड्रॉहेडा यांच्यामध्ये आहे. तिचे नाव न्यूग्रेंज. ती दगडमातीची मोठी गोल टेकडी आहे. ती माणसांनी रचली आहे. तिला सुमारे ५२०० वर्षे झाली. म्हणजे ती इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्याही आधीची आहे! तेव्हा तिथे लोखंड नव्हते, लिहिणे नव्हते. टेकडीच्या कडेने ९७ मोठे दगड लावले आहेत. काहींवर गोल गोल वळणांची नक्षी आहे. आत १९ मीटर लांब अरुंद वाट आहे. वाटेच्या शेवटी दगडी खोली आहे. तिथे मेलेल्या माणसांच्या अस्थी ठेवत.

दाराच्या वर एक छोटी खिडकी आहे. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ डिसेंबरच्या सुमारास येतो. त्या दिवसांत सूर्य उगवला की त्याचा किरण खिडकीतून थेट आतल्या खोलीत जातो. सुमारे १७ मिनिटे उजेड राहतो. मग परत वर्षभर अंधार. आत जाताना वाट चढत जाते. म्हणून दारातला उजेड खोलीपर्यंत पोचत नाही. त्यासाठीच खिडकी वर ठेवली आहे.

ही टेकडी शेकडो वर्षे कुणाच्या ध्यानात नव्हती. १६९९ साली रस्त्यासाठी तिचे दगड काढत होते. तेव्हा आत जायची वाट सापडली. दगड असेच नेत राहिले असते तर काहीच उरले नसते. पुढे १९६२ पासून मायकेल ओ'केली यांनी तिथे खोदकाम केले. वर्षातून एकदा आत सूर्य येतो, अशी लोकांची जुनी बोलणी त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाहीत. २१ डिसेंबर १९६७ ला पहाटे ते एकटेच आत जाऊन बसले. आणि खरोखर सूर्य आत आला! आता त्या दिवशी आत कोणी जायचे ते चिठ्ठ्या काढून ठरवतात.

आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातही किरणोत्सव होतो. तिथे मात्र मावळत्या सूर्याची किरणे येतात.

हे ऐकून मला लाज वाटली. कारण आमची आजी म्हणायची, "अरं, थंडीत ऊन पार जात्यापतूर येतं, उन्हाळ्यात उंबऱ्याच्या आत येत न्हाई." मी तिला हसलो होतो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आमचे मागचे दार दक्षिणेला आहे. मी दिवाळीपासून दर रविवारी दुपारी बारा वाजता उन्हाच्या टोकाला कोळशाने रेघ मारली. दर वेळी रेघ आत आत गेली. डिसेंबर संपत आला तेव्हा ऊन जात्याला लागले. मग परत मागे फिरले. मी आजीला बोलावून रेघा दाखवल्या. ती म्हणाली, "आता पटलं का?"

तर मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांचे बोलणे हसून सोडू नये. आधी तपासून पाहावे. आणि जुन्या जागेचा एकही दगड उचलून नेऊ नये.

सांगा पाहू :
१. न्यूग्रेंजच्या खोलीत दारातून उजेड का पोचत नाही?
२. तुमच्या घरात थंडीत ऊन कुठपर्यंत येते? रेघ मारून पाहा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी