शाळेसाठी छोटा कॅमेरा घेताना



जून आला की कुणीतरी विचारतंच, "सर, शाळेसाठी छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचाय. किती मेगापिक्सेलचा घेऊ?" मी उलट विचारतो, "आषाढात लाईट गेल्यावर तुमच्या वर्गात फळा दिसतो का?" समोरचा हसतो. पण कॅमेरा कोणता घ्यायचा ते खरं तर यावरच ठरतं.

आमचं सापगाव भातसा नदीच्या काठी, शहापूर-मुरबाड रस्त्यावर. इकडच्या वाड्यांवरची बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे ही मुलं वर्गात सलग भेटतात ती जून ते ऑक्टोबर. नेमकं तेव्हाच बाहेर धो धो पाऊस, खिडक्या लावलेल्या, लाईटचा भरवसा नाही. हिवाळ्यात लख्ख उन्हात स्नेहसंमेलन होतं तेव्हा ती नसतात. त्यांचे फोटो अंधाऱ्या वर्गातच काढावे लागतात.

माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका दुकानदाराने "१६ मेगापिक्सेल आहे, बघायलाच नको" म्हणून गळ्यात मारलेला कॅमेरा मी घेतला. श्रावणात दुसरीच्या मुलांचे एकेकटे फोटो काढले. एक मुलगी जरा हलली आणि चेहरा पुसल्यासारखा आला. तरी मी प्रिंट देऊन टाकली. तिच्या आईने ती बराच वेळ हातात धरली आणि म्हणाली, "गुरुजी, हिचं तोंड कुठं हाय?" दिवाळीनंतर ते कुटुंब भट्टीवर गेलं. पुढच्या जूनला परतलं नाही.

आता हिशोब बघा. ६ बाय ४ इंचाच्या फोटोला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, १८०० गुणिले १२०० म्हणजे साधारण २ मेगापिक्सेल पुरतात. ए-४ कागदाएवढ्या फोटोला ९ च्या आत. बाजारातला कुठलाही छोटा कॅमेरा यापेक्षा जास्तच देतो. म्हणून खोक्यावरचा तो मोठा आकडा सोडून द्या.

बघायचा तो सेन्सर. पागोळीखाली वाटी ठेवली तर किती पाणी साठेल आणि परात ठेवली तर किती, तसंच उजेडाचं. स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची म्हणतात तो सेन्सर असतो, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. 'एक इंची' सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. (एक इंच कुठेच नाही, नाव तेवढं मोठं!) क्षेत्रफळ काढा, चौपट येतं. पाचवीच्या मुलांनाही हे गणित देता येईल.

दुसरं, भिंगावरचा एफ आकडा. तो जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. एफ १.८ ला एफ ३.२ च्या तिप्पट. झूम केलं की बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत हा आकडा वाढतो, म्हणजे उजेड घटतो. वर्गात झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. डिजिटल झूम तर फक्त कातरकाम आहे. आणि 'स्टॅबिलायझेशन' आपल्या हाताची थरथर सांभाळतं, मुलाची चुळबुळ नाही. तिला शटरच लवकर मिटावं लागतं, सेकंदाचा १/१२५ भाग तरी. त्यासाठीच एवढा उजेड हवा. फ्लॅशने चेहरे पांढरेफटक होतात. त्यापेक्षा मुलाला दाराजवळ बसवा, उजेड बाजूने येऊ दे, पाठीमागून नको.

मोबाईल का नको? चांगला मोबाईल असेल तर जरूर वापरा. कमी उजेडात तो एका फोटोसाठी अनेक फोटो जोडतो आणि निभावून नेतो, पण मूल हललं की त्याचीही पंचाईत होते. शिवाय आपला मोबाईल आपण मुलांच्या हातात देत नाही. कॅमेऱ्याची दोरी मनगटात अडकवून चौथीचं पोरगं भाताच्या रोपावरचा किडा टिपून आणतं. आणि मुलांचे फोटो आपल्या घरच्या फोटोंत मिसळत नाहीत.

एक इंची सेन्सरचे कॅमेरे महाग, हे खरं. सोनीचा आरएक्स १०० हा २०१२ साली आलेला कॅमेरा आमच्या कामाला आजही चालेल. असे जुने वापरलेले शोधा. आसनगावहून लोकलने मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर मारा. दुकानात रस्त्याचा फोटो काढून बघू नका, तिथे सगळेच छान येतात. काउंटरखालच्या अंधारात, फ्लॅश बंद ठेवून, हलणाऱ्या हाताचा काढा. भिंगात टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, परत द्या. आपल्याकडच्या दमट हवेत ती चांगल्या भिंगालाही लागते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

फोटो काढण्याआधी पालकांना विचारा, आणि ग्रुपवर टाकायचा असेल तर पुन्हा वेगळं विचारा. प्रिंट दिवाळीच्या सुट्टीआधी काढा, दोन प्रती. मागे पेन्सिलने नाव, इयत्ता, वर्ष लिहा. एक घरी द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कारण ती भट्टीवरही सोबत जाते.