घास अडतो तेव्हा



अन्न समोर आहे, भूकही आहे, पण घास छातीशी अडून राहतो. आमच्या खालांची ही स्थिती आम्ही डोळ्यांनी पाहिली. प्रत्येक घासामागे त्या पाणी पीत. रात्री निजल्यावर खाल्लेले अन्न तसेच तोंडात येई. लाजेने त्यांनी लग्नाच्या पंक्तीला बसणे सोडले. घरात कोणी पित्त म्हटले, कोणी नजर म्हटले. यात चार वर्षे गेली. दोष आम्हा सर्वांचा. म्हणून, वैद्य नसूनही, आम्ही जे वाचले व समजून घेतले ते येथे मांडत आहोत.

या विकाराचे नाव ‘अकॅलेशिया’. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूचे एक कडे असते. एरवी ते मिटलेले असते. घास आला की सैल होऊन वाट देते. त्याला सैल करणाऱ्या मज्जापेशी नष्ट झाल्या म्हणजे दार उघडत नाही, आणि अन्न पुढे ढकलणारी नलिकेची लाटही बंद पडते. दर वर्षी लाखात सुमारे एकाला हा विकार जडतो.

उपायांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १६७४ साली इंग्लंडातील टॉमस विलिस यांनी देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून अडलेले अन्न खाली ढकलण्याची युक्ती नमूद केली. १९१३ साली जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी हे कडे बाहेरून शस्त्राने कापले. पुढे फुगा फुगवून ते ताणण्याची रीतही रूढ झाली. २००८ साली जपानात हारुहिरो इनोउए यांनी रुग्णाच्या तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच कडे कापले. हीच ‘पोएम’ शस्त्रक्रिया. रुग्णाला भूल देऊन अन्ननलिकेच्या अस्तराला लहानशी चीर देतात, अस्तर व स्नायू यांमधून भुयार करीत जठरापर्यंत जातात, स्नायू कापतात आणि शेवटी चीर चिमट्यांनी बंद करतात. अंगावर बाहेरून जखम नाही.

गुण किती येतो? गिळण्याचा त्रास, अन्न उलटणे, छातीत दुखणे व वजन घटणे या चारांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात. एकूण ३ किंवा कमी राहिले तर यश मानतात. २०१९ साली दोन मोठ्या तुलना प्रसिद्ध झाल्या. पहिलीत दोन वर्षांनी पोएमचे यश ९२ टक्के, तर फुग्याचे ५४ टक्के ठरले. दुसरीत २२१ रुग्ण होते. पोएमचे यश ८३ टक्के व पोटावर छिद्रे पाडून केलेल्या हेलर शस्त्रक्रियेचे सुमारे ८२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. आपल्या हैदराबादेतूनही ४०८ रुग्णांचा वृत्तांत २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. दार कायमचे सैल झाले की जठरातील आम्ल वर चढते. त्याच दुसऱ्या तुलनेत दोन वर्षांनी पोएमच्या ४४ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेत आम्लाचा दाह आढळला. हेलरच्या गटात २९ टक्के. म्हणून औषध व पुनर्तपासणी टाळू नये. शिवाय मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत. शस्त्रक्रिया वाट मोकळी करते, रोग मुळासकट काढीत नाही.

एक इशारा महत्त्वाचा. घास अडण्याचे कारण अन्ननलिकेचा कर्करोगही असू शकते. तेव्हा घरात कोणाला घास अडू लागला तर अंदाज बांधीत बसू नये. दुर्बिणीची तपासणी, बेरियम पाजून काढलेले क्ष-किरण चित्र आणि नलिकेतील दाबाचे मोजमाप यांनी निदान होते.

खालांवर पोएम झाली. आज त्या सर्वांबरोबर जेवतात. आम्लाची गोळी मात्र रोज घेतात. त्या चार वर्षांचा विषय निघाला की आम्हीच मान खाली घालतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी पंक्ती टाळणारे वडीलधारे माणूस असेल, तर त्यांच्याजवळ बसून विचारावे, ‘घास अडतो का?’